फोनवरचं "होऊन जाईल" म्हणजे अपील नव्हे

तुम्ही लिहिलंय की मध्यरात्री बायकोच्या पोटात असह्य कळा आल्या, घराजवळच्या फ्रीस्टँडिंग ईआरमध्ये (हॉस्पिटलपासून वेगळ्या, स्वतंत्र इमर्जन्सी रूममध्ये) नेलं, सीटी स्कॅन झाला आणि निदान निघालं गॅस्ट्रायटिस. मग इन्शुरन्सचा ईओबी (क्लेमचा हिशेब दाखवणारा कागद) आला: आउट-ऑफ-नेटवर्क (ईआर त्यांच्या करारातल्या यादीबाहेरची), "इमर्जन्सी नव्हती", सगळा आकडा तुमच्या नावावर. फोन केलात तर पलीकडून सांगितलं की क्लेम रीप्रोसेसला, म्हणजे पुन्हा तपासायला पाठवलाय, तुम्हाला काही करायची गरज नाही. हे शेवटचं वाचलं आणि राहवेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि इन्शुरन्सच्या धंद्यातलीही नाही. न्यू जर्सीत राहते, तुम्ही टेक्सासमध्ये. राज्याराज्यांत फरक पडतो. डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम), को-इन्शुरन्स (त्यानंतरचा आपला टक्केवारीतला वाटा), ईओबी म्हणजे बिल नव्हे वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम, डावा हात जड. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठलं. अशा वेळी ॲप उघडून नेटवर्क कोण बघत बसतं? ईसीजी, दोनदा ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी), रात्रभर मॉनिटर, आणि सकाळी निदान ॲसिड रिफ्लक्स. मग दोन बिलं आली, एक हॉस्पिटलचं आणि एक ईआरच्या डॉक्टरांच्या ग्रुपचं. दोन्हींवर तुमच्यासारखाच शेरा होता.

कायदा तुमच्या बाजूने आहे. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस ॲक्ट लागू आहे. नोकरीतून मिळालेला किंवा मार्केटप्लेसवरून (सरकारच्या इन्शुरन्स बाजारातून) घेतलेला प्लॅन असेल तर इमर्जन्सीत तुम्ही नेटवर्कबाहेर गेलात तरी तुमचा वाटा नेटवर्कमधल्या दरानेच लागतो, तो नेटवर्कच्या डिडक्टिबलमध्ये मोजला जातो, आणि उरलेल्या रकमेसाठी ईआर किंवा डॉक्टर तुमच्या मागे लागू शकत नाहीत. त्यांचं आणि इन्शुरन्सचं काय ते त्यांनी आपसात मिटवायचं. फ्रीस्टँडिंग ईआरही यात येते. साधं अर्जंट केअर (किरकोळ तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना) मात्र सहसा येत नाही, आणि दोघांच्या पाट्या लांबून सारख्याच दिसतात, तेव्हा बिलावर नक्की काय लिहिलंय ते एकदा बघा.

हे सगळं "इमर्जन्सी" ठरलं तरच. म्हणून इन्शुरन्सवाले नेमकी तिथेच मेख मारतात. पण इमर्जन्सी होती की नाही हे शेवटी काय निघालं त्यावर ठरत नाही, दारात शिरताना काय होत होतं त्यावर ठरतं. वैद्यकाचं साधारण ज्ञान असलेल्या शहाण्या माणसाला ती लक्षणं बघून "आत्ता नेलं नाही तर जिवावर किंवा तब्येतीवर गंभीर बेतेल" असं वाटलं असतं का, एवढाच प्रश्न. त्याला इथे प्रुडंट लेपर्सन स्टँडर्ड म्हणतात. नुसत्या अंतिम निदानाचा कोड बघून नाकारता येत नाही, असं या कायद्याच्या २०२१ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय. आमच्या अपिलात मी हेच लिहिलं होतं: हार्ट अटॅक नाही हे कळायला तुमच्या पॅनेलसारख्याच शिकलेल्या डॉक्टरला दोन रक्ततपासण्या आणि एक रात्र लागली, ते आम्ही स्वयंपाकघरात उभं राहून कसं ओळखायचं होतं?

आता एक बारकावा, जो मला कुणी सांगितला नव्हता. हॉस्पिटलचा क्लेम ज्या फॉर्मवर जातो, त्या यूबी-०४ वर अंतिम निदानाचा रकाना ६७ वा आणि "रुग्ण कशासाठी आला" याचा वेगळा रकाना ७० वा. आमच्या हॉस्पिटलने ६७ मध्ये के२१.९ म्हणजे रिफ्लक्स टाकला होता, पण ७० मध्ये आर०७.९, म्हणजे छातीत दुखणं. डॉक्टरांचा क्लेम जातो सीएमएस-१५०० वर. त्यावर हा ७० नंबरचा रकानाच नाही. तिथे फक्त निदानाचे कोड, आणि आमच्या डॉक्टरांच्या बिलिंगवाल्यांनी एकच कोड टाकला होता, रिफ्लक्सचा. म्हणजे तोच माणूस, तीच रात्र, तोच पलंग, आणि एका कागदावर छातीत दुखत होतं तर दुसऱ्यावर नुसती जळजळ. तुमची दोन्ही बिलं या नजरेने बघा. डॉक्टरांच्या ग्रुपला फोन करून विचारा की क्लेमवर कोणकोणते कोड गेलेत, आणि पोटदुखीचा कोड राहिला असेल तर चार्टप्रमाणे (रुग्णाच्या वैद्यकीय नोंदींप्रमाणे) दुरुस्त क्लेम पाठवा म्हणावं. चार्टमध्ये असेल तेवढंच हं, वाढवून काही सांगू नका.

आता त्या फोनविषयी. आमचं सगळ्यात जास्त नुकसान हॉस्पिटलने केलं नाही, डॉक्टरांनी नाही, इन्शुरन्सच्या त्या "कस्टमर सर्व्हिस" नावाच्या खिडकीने केलं. फोन केला की अतिशय नम्र माणूस. "मला तुमची अडचण समजते." "मी हे रीप्रोसेसला पाठवतोय." "अपिलाची गरज नाही, मॅम, ३० ते ४५ दिवस द्या." तेवढे दिवस दिले की पुन्हा फोन, पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून जन्मतारीख आणि पत्ता, आणि पुन्हा तेच ३० ते ४५ दिवस. दरम्यान हॉस्पिटलचा क्लेम खरोखरच सुटला, बहुतेक त्या ७० व्या रकान्याच्या कृपेने, त्यामुळे आमचाही विश्वास बसला की दुसराही सुटेल. तो सुटला नाही. शेवटी लेखी अपील पाठवलं तर चार ओळींचं उत्तर आलं की नकाराची नोटीस मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करायचं असतं, तुमची मुदत संपली. फोनवरचे सगळे रेफरन्स नंबर मी लावून पाठवले. त्यावर उत्तर, की त्या "चौकशा" होत्या, अपील नव्हे. ज्या माणसांनी "अपील करू नका" म्हणून सांगितलं, त्यांचीच कंपनी "अपील का केलं नाही" म्हणून विचारते! अजून आठवलं तरी डोकं फिरतं. शेवटी डॉक्टरांच्या ग्रुपशी घासाघीस करून अर्ध्याच्या आसपास भरलं आणि विषय मिटवला.

म्हणून माझं ठाम मत: रीप्रोसेस होतंय तर होऊ द्या, पण लेखी अपील त्याच आठवड्यात टाका. दोन्ही एकदम चालू असली तर काही बिघडत नाही. उपचार होऊन गेलेल्या क्लेमचं अपील लेखीच हवं, आणि १८० दिवसांचं घड्याळ तुम्ही फोनवर ताटकळत असतानाही चालूच असतं.

पत्र एका पानाच्या वर नेऊ नका. पहिल्याच ओळीत हे इंटर्नल अपील (इन्शुरन्सकडेच केलेलं अपील) आहे असं लिहा, मग क्लेम नंबर, तारीख, आणि लक्षणं तुमच्या शब्दांत: कळा किती वाजता सुरू झाल्या, उलट्या होत्या का, उभं राहता येत होतं का. सोबत ट्रियाज नोट, म्हणजे ईआरमध्ये पोचताच नर्सने केलेली पहिली नोंद, जोडा. पोर्टलवर मिळणारी "आफ्टर व्हिजिट समरी" पुरत नाही, त्यात नुसतं निदान आणि औषधं असतात. मेडिकल रेकॉर्ड्सकडे पूर्ण चार्ट मागा. आमच्या ट्रियाज नोटवर नर्सने पोचल्याच्या वेळेसकट टिपलं होतं: छातीत दुखणं, डाव्या हाताकडे जाणारं, घाम, वेदना दहापैकी आठ. सबंध फायलीत त्या ओळीइतकं वजनदार काहीच नव्हतं. त्याच पत्रात तुमच्या क्लेमची पूर्ण फाईलही मागा. तुमच्या क्लेमशी संबंधित कागद फुकट द्यावे लागतात त्यांना, आणि तुमचा चार्ट कुणी डॉक्टरने उघडून तरी पाहिला होता का ते त्यातून कळतं. पाठवायचं सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीट घेऊन. फॅक्सही करा, आणि फॅक्स गेल्याचं पान जपून ठेवा. हसू नका, इथे अजून फॅक्सच चालतो.

तक्रार कुणाकडे करायची हे तुमच्या कार्डावर अवलंबून आहे. टेक्सासमध्ये कार्डावर "टीडीआय" किंवा "डीओआय" अशी अक्षरं असतील तर प्लॅन राज्याच्या इन्शुरन्स खात्याच्या अखत्यारीत, तक्रार तिकडे. नसतील तर बहुधा तुमच्या कंपनीचाच सेल्फ-फंडेड प्लॅन असणार. म्हणजे कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं, पैसा तुमच्या एम्प्लॉयरचा. आमचा तसाच होता. तिथे राज्याचं खातं काही करू शकत नाही, पण केंद्राच्या लेबर डिपार्टमेंटच्या ईबीएसएचे (नोकरीतल्या प्लॅनवर देखरेख करणाऱ्या विभागाचे) बेनिफिट्स ॲडव्हायझर फुकट बोलतात: १-८६६-४४४-३२७२. नो सरप्रायझेसची वेगळी हेल्प डेस्क आहे: १-८००-९८५-३०५९. आणि सेल्फ-फंडेड असेल तर एचआरच्या बेनिफिट्सवाल्यांना जरूर गाठा. आपल्या लोकांना, त्यातून एच-१बी व्हिसावर असलेल्यांना, एचआरकडे घरचं रडगाणं न्यायला संकोच वाटतो. मलाही वाटायचा. पण तिथे एचआरवाले इन्शुरन्स कंपनीचं गिऱ्हाईक असतात, तुम्ही नव्हे. त्यांच्या एका ईमेलला जे उत्तर मिळतं ते तुमच्या फोनला मिळत नाही.

अपील फेटाळलं तरी थांबू नका. झालेल्या उपचारांवरच्या अपिलाचा निर्णय ६० दिवसांत यायला हवा. नाही आला किंवा नकार आला तर एक्स्टर्नल रिव्ह्यू, म्हणजे बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून तपासणी. अंतिम नकार हाती आल्यापासून चार महिन्यांत मागायचा, साधारणतः ४५ दिवसांत निकाल, आणि तो इन्शुरन्सवर बंधनकारक. इमर्जन्सी होती का हा प्रश्न त्यात बसतो, आणि नो सरप्रायझेसचा कायदा पाळला का हाही. माझ्या ओळखीतले बरेचसे लोक पहिल्या नकारालाच हात टेकतात आणि चेक फाडतात. आमच्याबाबतीत इंटर्नल अपिलाचं दारच बंद झालं, म्हणून ही पायरी बघायला मिळाली नाही.

कलेक्शनची, म्हणजे बिल वसुली एजन्सीकडे जाण्याची, भीती वाटत असेल. ईआर आणि डॉक्टरांचा ग्रुप, दोघांच्याही बिलिंगला लेखी कळवा की अपील चालू आहे, खातं होल्डवर ठेवा. सहसा ठेवतात. नुसत्या धमकीच्या पत्राने घाबरून क्रेडिट कार्ड काढू नका. तिन्ही क्रेडिट ब्युरो (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) २०२३ पासून ५०० डॉलरच्या आतलं वैद्यकीय देणं रिपोर्टवर दाखवत नाहीत, आणि मोठं असलं तरी पहिलं वर्षभर नाही. एकदा कार्डावर चढवलंत की मग ते वैद्यकीय देणं राहतच नाही, साधं कार्डाचं कर्ज होतं. ग्रीन कार्डवर काय परिणाम वगैरे प्रश्न वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको. तिथे "नको भरूस, काही होत नाही" म्हणणाराही भेटतो आणि "डिपोर्ट करतात" म्हणणाराही.

जाता जाता दोन गोष्टी, तुमच्या प्रश्नात नाहीत तरी. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स नो सरप्रायझेसमध्ये येत नाही, हवाई येते. काही राज्यांचे स्वतःचे नियम आहेत, पण ॲम्ब्युलन्सचं बिल वेगळं येतं आणि वेगळंच भांडावं लागतं. म्हणून ९११ ला फोन करायला कचरू मात्र नका. दुसरं, भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सला हा कायदा लागू नाही. तिथे पॉलिसीत जे लिहिलंय तेवढंच. स्वस्तातले फिक्स्ड बेनिफिटचे प्लॅन ईआरच्या एका भेटीला ठरावीक रक्कम देतात आणि बाकीचं तुमच्या गळ्यात. आई-बाबांसाठी कॉम्प्रिहेन्सिव्हच (ठरावीक रकमेऐवजी खर्चाचा मोठा वाटा उचलणारा प्लॅन) घ्या, आणि बीपी-शुगर असेल तर "ॲक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन" (जुना आजार अचानक उफाळणं) हे कलम वयाच्या मर्यादेसकट वाचा.

ईआर नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलची असेल तर फायनान्शियल असिस्टन्सचा अर्जही मागून ठेवा. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत तो करता येतो, आणि पगार बरा असला तरी कुटुंब मोठं असेल तर काही ठिकाणी सूट बसते. स्वतंत्र खाजगी फ्रीस्टँडिंगवाल्यांकडे याची आशा कमीच.

आता तुम्ही एवढं कळवा: पहिल्या नकाराच्या ईओबीवर तारीख काय आहे, आणि कार्डावर टीडीआय किंवा डीओआय छापलंय का. १८० दिवसांपैकी किती उरलेत ते बघून पत्राचा मसुदा कसा करायचा ते सांगते. माझं पत्र अजून आहे, नावं-नंबर काढून देते.