पुण्याचे घर विकून पेनांगला जावे का?

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त बँक अधिकारी आहे. मुलगी सिंगापूरला असते. मलेशियाच्या ‘माय सेकंड होम’ योजनेतून पेनांगला स्थायिक व्हावे, असा आमचा विचार आहे. त्यासाठी कोथरूडचा फ्लॅट विकणे योग्य ठरेल का?

उत्तर : पेनांगची निवड चांगली आहे, फ्लॅट मात्र कृपा करून विकू नका. २००२ पासून चालत आलेली ही योजना राहण्याची परवानगी देते, हक्क देत नाही. आणि परवानगीच्या अटी देणारा केव्हाही बदलू शकतो. पूर्वी दहा वर्षांचा पास मिळत असे व महिना दहा हजार रिंगिट (मलेशियाचे चलन) उत्पन्न दाखवावे लागे. २०२० मध्ये योजना थांबवण्यात आली आणि २०२१ मध्ये ती परतली, तेव्हा तीच अट चाळीस हजारांवर गेली होती.

माझ्या परिचयाचे नाशिकचे एक दांपत्य तेव्हा पेनांगच्या राजधानीत, जॉर्ज टाऊनमध्ये राहत होते. त्या ऑगस्टमध्ये काकूंचा फोन आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ठेवीच्या पावत्या, पासपोर्ट आणि काकांच्या अँजिओप्लास्टीची फाइल पसरून दोघे हिशेब मांडत बसले होते. जुन्या पासधारकांनाही नव्या अटी लागतील, असे त्या वेळी सांगितले जात होते. काही आठवड्यांनी त्यांना आर्थिक अटींतून सूट मिळाली. परंतु ‘इथून निघावे लागले तर जायचे कुठे?’ हा काकूंचा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्यांचे नाशिकचे घर आधीच विकले गेले होते.

२०२४ च्या नियमांनुसार सर्वांत खालच्या ‘सिल्व्हर’ श्रेणीसाठीसुद्धा दीड लाख अमेरिकी डॉलर, म्हणजे सव्वा कोटी रुपयांहून अधिक रक्कम तिथल्या बँकेत मुदत ठेवीत अडकते, शिवाय किमान सहा लाख रिंगिटचे घर विकत घ्यावे लागते, आणि एवढे करून हाती येतो तो पाच वर्षांचा पास. आपण बँकेत होतात, तेव्हा निवृत्तीच्या पुंजीचा एवढा मोठा भाग परक्या चलनात गुंतवण्यातील जोखीम मी वेगळी सांगायला नको. आरोग्य विम्याचेही आधीच पाहा : आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी भारताबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाहीत, आणि साठीनंतर नवी पॉलिसी महाग पडते.

जमेची बाजूही मोठी आहे. तिथली खासगी रुग्णालये उत्तम आहेत, इंग्रजीवर व्यवहार चालतो, ‘लिटिल इंडिया’ या भारतीय वस्तीच्या भागात डाळी-मसाले सहज मिळतात आणि मुलगी तासा-दीड तासाच्या विमानप्रवासावर आहे.

म्हणून आधी पर्यटक म्हणून महिनाभर भाड्याच्या घरात राहून पाहा, तेही ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिथला पाऊस आणि दमट हवा अनुभवता येईल. पेन्शन मिळत असेल, तर नोव्हेंबरमध्ये द्यावा लागणारा हयातीचा दाखला तिथून कसा पाठवायचा, हे निघण्यापूर्वी आपल्या बँकेत विचारून ठेवा. कोथरूडचा फ्लॅट तोवर भाड्याने द्यायचा झाल्यास अकरा महिन्यांचाच करार करावा.