अकरा महिन्यांच्या घरासाठी

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अकरा महिन्यांच्या भाडेकराराने घेतलेल्या तुझ्या खोलीची मापं आणि फोटो मिळाले. दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, एक दिवाण, ओट्याखाली उघडे कप्पे, भिंतीला डिस्टेंपर, आणि खिळा ठोकायला मालकांची मनाई. बजेट तीन हजार. एवढ्यात चांगलं होतं. फक्त एक पथ्य पाळ. लहान घरात हाताने करायची ती वस्तू रोज वापरात येणारी असावी. रंगवलेल्या बाटल्या, आइसक्रीमच्या काड्यांची घरं, लोकरीचे गोंडे हे सगळं पहिल्या आठवड्यात छान दिसतं. मग त्यावर धूळ बसते, आणि ती पुसायला तुझ्याकडे वेळ नाही. पांघरूण, पडदा आणि दिवा, या तीन गोष्टी तुला तशाही लागणारच आहेत. त्याच नीट कर. शोभेची म्हणून एकच वस्तू कर, पण मोठी.

ताईने चार जुन्या साड्या दिल्यात म्हणतोस. आधी त्या तपास. साडी उजेडासमोर धर. जिथे विण विरळ दिसते तिथे दोन्ही हातांनी हलकेच ओढ. ‘चर्र’ आवाज आला तर तो भाग पडद्याला नको, गोधडीच्या पोटात घाल. मग पांढरा फडका ओला करून कोपऱ्यावर घास. रंग लागला तर ती साडी दोन-तीनदा वेगळी धुऊन काढ. तरीही लागत राहिला तर फिक्या रंगाशेजारी ती ठेवू नकोस. आणि सुती व सिंथेटिक एका गोधडीत घालू नकोस. धुतल्यावर सुती आटतं, सिंथेटिक आटत नाही, आणि वरच्या थराला कायमच्या चुण्या पडतात. त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि १.१ मीटर पन्ह्याची असते. या मापातच दिवाणाचं गणित बसतं. तुझी गादी सहा बाय तीन फुटांची. साडी मध्यावर कापलीस की दिवाणाच्या मापाचे दोन थर मिळतात, म्हणजे दोन सुती साड्यांत चार थरांची गोधडी. चार पुरे. सहा थर केलेस तर पुण्याच्या थंडीत बरं वाटेल, पण सुई ओढताना बोटं सोलून निघतील, आणि धुतलेली गोधडी वाळता वाळणार नाही.

वरचा आणि खालचा थर २.२ मीटर लांब काप, पन्हा आहे तसाच ठेव. आतले दोन थर चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर कमी काप. जमीन पुसून कोरडी कर, खालचा थर उलटा पसर, त्यावर आतले दोन, मग वरचा सुलटा. दर थराला मधून कडेकडे हात फिरवून हवा काढ आणि कोपऱ्यांवर वाट्या, बत्ता, पुस्तकं असं काहीतरी जड ठेव. वरच्या आणि खालच्या थराच्या कडा आतल्या थरांवर दुमडून एकमेकींना भिडव. आता लांब लांब कच्चे टाके घाल: आधी मधोमध उभा-आडवा, मग वीतभर अंतराने कडेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे तेच टाळतात. टाळलं की थर सरकतात आणि मध्यावर फुगा येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही.

खरी शिवण धावदोऱ्याची. कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनी फेरे घेत मध्याकडे यायचं. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडीही, अशीच कडेकडून आत शिवतात. ओळींत साडेतीन-चार सेंटिमीटर अंतर ठेव. जाणत्या हाताच्या वाकळेत ते याच्या निम्मंही असतं, पण तुला पहिल्याच खेपेला ते झेपणार नाही. या अंतरानेही तुझा टाका साठेक मीटर भरेल. दीडशे मीटर जाड सुती दोरा घे. मशीनचं रीळ नको, ते चार थरांत घासून तुटतं. सुई गोधडीची घे. दाभण वापरलंस तर जुन्या कापडाला भोकं पडतात आणि तिथूनच ते फाटतं. दोरा एका वेळी हातभरच घ्यायचा, लांब घेतला की पीळ बसून गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपव. वर राहिलेली गाठ आधी अंगाला टोचते आणि मग सुटते.

दोरा ओढताना हात हलका ठेव. कापड जरा लहरल्यासारखं दिसलं पाहिजे, पण आवळलेलं नको. प्रत्येक फेऱ्यानंतर गोधडी जमिनीवर पसरून बघ. कोपरे वर उचलले गेले असतील तर शेवटचा फेरा ताणला गेलाय. तो तेव्हाच उसव. पुढे सहा फेरे झाल्यावर उसवायची तुझी इच्छा राहणार नाही. रोज तासभर बसलास तर तीन आठवडे धर.

पडद्याला तिसरी साडी, शक्यतो काठाची. काठ साडीच्या लांबीने जातो, त्यामुळे पडदा टांगला की दोन्ही कडांना उभे काठ आयते मिळतात; शिंप्याकडून लेस लावून घ्यायची गरज नाही. पेच येतो तो पदराचा. साडी नुसती मधून कापलीस तर एका भागाला पदर, दुसऱ्याला नाही, आणि जोडी बेजोड दिसते. आधी पदर कापून बाजूला ठेव. साधारण ४.७ मीटर उरतात, त्यांचे दोन भाग २.३५ मीटरचे. वर दांडीसाठी आठ सेंटिमीटरचा नेफा, खाली आठ सेंटिमीटरची दुमड, की पडदा सव्वादोन मीटरला किंचित कमी भरतो. तुझी खिडकी चार फूट रुंद आहे. दोन पडद्यांची रुंदी मिळून २.२ मीटर, म्हणजे खिडकीच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्त. चुण्या चांगल्या पडतील. खालची दुमड पहिल्या धुण्यानंतरच पक्की शिव, तोवर कच्ची ठेव.

खिडकी पश्चिमेची असेल तर रेशमी साडी तिथे लावू नकोस. ऊन रेशीम कुजवतं. दोन उन्हाळ्यांत दुमडीवर चिरा पडतात. लावायचीच असेल तर मागे मांजरपाटाचं अस्तर हवं. दांडी स्प्रिंगची घे, जी खिडकीच्या चौकटीत दोन बाजूंना दाबून बसते. खिळा लागत नाही. तशीच एक लहान दांडी ओट्याखाली, आणि तिच्यावर चौथ्या साडीचा आखूड पडदा. कप्पे झाकले की खोली एकदम आवरल्यासारखी दिसते. शेगडीच्या खालचा भाग मात्र उघडा ठेव, तिथे रबरी नळी असते आणि कापड नको.

दिव्यावर थोडे जास्त पैसे घाल. छताला लावलेली एकच पांढरी नळी लहान खोलीला दवाखान्याची कळा आणते. बुरुड आळीत बांबूची रोवळी मिळते, तांदूळ धुवायची. ती उलटी टांगली की सुरेख दिवा होतो, भिंतीवर जाळीची सावली पडते. रोवळीला भोक पाडण्यासाठी तिच्या काती, म्हणजे विणलेल्या बांबूच्या पट्ट्या, कापू नकोस. एक कात तुटली की शेजारच्या सुटू लागतात. तळाच्या मध्यावरची विण दाभणाने हळूच फाकव आणि त्यातून फक्त वायर आत घे. होल्डर आतून जोडायचा. होल्डरच्या टोपीखाली वायरीला गाठ मार, म्हणजे रोवळीचा भार गाठीवर येतो, स्क्रूंवर नाही. हे जोडकाम कधी केलेलं नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घे, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. बल्ब पाच किंवा सात वॅटचा एलईडी, खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेला, म्हणजे पिवळसर उजेडाचा. जुना तारेचा बल्ब मुळीच नको, त्याने बांबू तापतो. दिवा दिवाणाच्या कोपऱ्यात, बसल्यावर डोळ्यांच्या किंचित वर येईल असा टांग. खिडकीच्या ग्रिलला अडकवता आला तर उत्तम, पण मग तो पडद्यापासून वीतभर लांब हवा.

आता ती एक शोभेची वस्तू. दिवाणावरची भिंत मोकळी आहे, तिथे वारली चित्राची कापडी पट्टी कर, ९० बाय ६० सेंटिमीटरची. छोट्या छोट्या नऊ फ्रेम लावल्या की खोली आणखी लहान वाटते. मांजरपाट ११० बाय ७० कापून रात्रभर भिजव, म्हणजे खळ निघते. खळ राहिली तर रंग पकडत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. वाळवून इस्त्री कर आणि प्लायवर किंवा जाड पुठ्ठ्यावर चिमट्यांनी ताणून बसव. चार मोठे चमचे गेरू, एक चमचा फेविकॉल, आणि ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. दोन पातळ हात दे, मधे पूर्ण वाळू दे. एकच जाड थर दिलास तर गुंडाळताना तडे जातात. फेविकॉल विसरलास तर टेकणाऱ्याची पाठ लाल होते.

डहाणू-जव्हारकडच्या कुडाच्या भिंतींवर पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. कापडावर तो तडकतो आणि झुरळांना बोलावतो, म्हणून तू पांढरा अ‍ॅक्रिलिक घे. पोस्टर कलर नको. पावसाळी दमटपणात तो पसरतो. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, हातपाय एका रेषेचे. सगळी गंमत त्या दोन टोकांच्या जोडात आहे: जोड बारीक राहिला तर आकृती नाचते, जाड झाला तर डमरू दिसतो. तारपा नाच काढ. आधी मध्यावर तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वारल्यांचं वाद्य, वाजवणारा, मग खडूने त्याच्याभोवती उघडं वेटोळं आख, आणि त्यावर तीन-तीन सेंटिमीटरवर खुणा कर. खुणा न करता सुरुवात केली की शेपटाकडची माणसं एकमेकांच्या अंगावर चढतात. लग्नाचा चौक काढू नकोस असं मी सांगेन. तो सवाशिणी लग्नघरात काढतात, त्यात वारल्यांची पालघाट देवी असते. दिवाणावर टांगायची ती गोष्ट नाही. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं छापील स्वरूपात बघायला मिळाली तर बघ आणि रिकामी जागा किती सोडली आहे ते मोज.

वर-खाली पाच सेंटिमीटरचे नेफे शिवून त्यांत बांबूच्या काठ्या घाल. पट्टी हलकी आहे, दोन चिकट हुकांवर राहील. पण डिस्टेंपरची भुकटी हाताला लागत असेल तर हुक रंगासकट निघेल आणि मालक डिपॉझिटमधून कापतील. आधी कपाटामागे एक हुक लावून चार दिवस बघ. भिंतीला ओल असेल तर काहीच चिकटत नाही. मग आधीचा एखादा खिळा किंवा दाराच्या चौकटीची वरची कड शोध.

तीन हजारांची वाटणी अशी: दिव्याला हजार, दांड्यांना पाचशे, चित्राच्या सामानाला पाचशे, सुई-दोरा-कात्रीला तीनशे. उरलेले सातशे महिनाभर खर्चू नकोस. राहायला लागल्यावरच कळेल की चपलांना जागा नाही, की अभ्यासाला पाट कमी पडतोय.

तुझी,
मावशी

ता. क. रोवळी घेताना काठ दाबून बघ आणि विण नाकाशी धर. ओला बांबू हिरवट वासाचा असतो, वाळला की विण सैल पडते. काती पांढुरक्या भुकटीने माखलेल्या दिसल्या तर भुंगा लागलाय, ती परत ठेव.