‘मॅडम, हल्ली मला काही लक्षात राहत नाही’

समुपदेशनासाठी येणाऱ्या नोकरदार स्त्रियांकडून ही तक्रार मी नेहमी ऐकते. एक काम हातात घेतले की दुसरे आठवते, त्याकडे वळावे तर तिसऱ्यासाठी फोन येतो आणि संध्याकाळी पाहावे तर सगळीच कामे अर्धवट राहिलेली असतात. त्यातून हळूहळू अशी भीती मनात घर करते की, आपली स्मरणशक्ती कमी होत आहे किंवा आपण या जबाबदारीला मुळातच पुरे पडत नाही. अशाच एका शिक्षिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

या बाई जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवत होत्या. मुख्याध्यापकपदाचा कार्यभारही त्यांच्याकडेच होता. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरायची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांचे इतिवृत्त आणि त्यात भर म्हणून बीएलओचे, म्हणजे मतदार यादीचे काम. घरी दहावीतला मुलगा आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई होत्या. एके दिवशी हातच्याची वजाबाकी शिकवताना फोन वाजला, त्यावर मागवलेली माहिती देऊन त्या फळ्याकडे वळल्या आणि उदाहरण कोठपर्यंत आले होते हे त्यांना काही केल्या आठवेना. शेवटी पहिल्या बाकावरचा मुलगाच म्हणाला, “बाई, तुम्ही दशकातून एक घेतला होता.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

अशा वेळी थेट वेळापत्रकाकडे वळणे मला योग्य वाटत नाही. थायरॉईड, रक्तातील लोह, बी-12 जीवनसत्त्व, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, अपुरी झोप आणि नैराश्य या सर्वांचा एकाग्रतेवर परिणाम होतो, म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. तपासण्यांत काही दोष निघाला नाही. सलग दोन आठवडे मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे किंवा जगणे नकोसे होणे अशी लक्षणे असती, तर कामांची यादी करून उपयोग झाला नसता आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवावे लागले असते. ज्यांना ही लक्षणे जाणवत असतील त्यांनी शासनाच्या टेली-मानस या मोफत सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे.

मग मी त्यांना वर्गातील मुलांविषयी विचारले. कोणाला जोडाक्षरे अडतात, कोण पाढे म्हणतो पण गुणाकार चुकतो, कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे तो आजीकडे राहतो, हे सारे त्यांनी न थांबता सांगितले. स्मरणशक्ती शाबूत होती. अडचण होती ती लक्ष दिवसभर तुटत राहण्याची. एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळताना मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो, असे सोफी लेरॉय या संशोधक महिलेने 2009 मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. फळ्यासमोर नेमके तेच घडले होते.

पुढच्या भेटीत डोक्यात असलेले प्रत्येक काम वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायला सांगितले. चिठ्ठ्यांनी टेबल भरले तेव्हा त्या घाबरल्या. मात्र त्यातील बहुतेक चिठ्ठ्यांवर केवळ ‘मतदार यादी’ किंवा ‘आहार रजिस्टर’ एवढेच होते. नक्की काय करायचे आणि केव्हा, हे कोठेच ठरलेले नव्हते. न ठरलेले काम मनात पुन्हा पुन्हा वर येते. अपुरे काम केव्हा व कसे करायचे याची नेमकी योजना केली की, ते प्रत्यक्ष पूर्ण होण्याआधीच त्याचा मनावरील ताण उतरतो, हे मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या अभ्यासातही दिसले होते. म्हणून ‘मतदार यादी’ ही चिठ्ठी बदलून ‘शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी न येता थेट वस्तीवरची उरलेली घरे’ अशी झाली. आहाराचे रजिस्टर त्या रात्री घरी आठवून आठवून भरत आणि तांदळाचा हिशेब जुळत नसे. प्राथमिक वर्गांना प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ धरला जातो, त्यामुळे हजेरी समोर असताना हा आकडा सहज निघतो. मुले खिचडी खाऊन ताटे धूत असतानाच ती नोंद पूर्ण करायची, असे ठरले.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र त्या अडून बसल्या. साहेबांचा मेसेज चुकला तर काय, ही त्यांची भीती निराधार नव्हती. मी त्यांना मागच्या महिन्याचे मेसेज माझ्यासमोरच चाळायला लावले. एकच पत्र चार ग्रुपवर आलेले आणि त्याखाली ‘ओके सर’ची रांग, असेच बहुतेक ठिकाणी होते, खरोखर तातडीच्या वेळी केंद्रप्रमुखांनी, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, फोनच केला होता. तेव्हा ग्रुपचे आवाज बंद आणि फोनची घंटी चालू ठेवायची, मेसेज परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर पाहायचे, असे त्यांनी ठरवले. ‘सर, तातडीचे असेल तर कृपया फोन करा’ हे वाक्य केंद्रप्रमुखांना सांगण्याचा सराव मात्र त्यांना माझ्याकडे अनेकदा करावा लागला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीशी संबंधित कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. तरीही माहिती मागवण्याचा ओघ थांबत नाही आणि कोणत्याही समुपदेशकाला तो थांबवता येत नाही. व्यवस्थेचा भार स्वतःचा दुबळेपणा समजून बसलेल्या माणसाला, हा दोष तुमचा नाही, एवढे तरी कोणीतरी ठामपणे सांगायला हवे.

सर्वांत अवघड प्रश्न घरातला होता. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला यजमान कधीच नाही म्हणत नसत. “तू फक्त सांग, मी लगेच आणतो,” असे ते मनापासून म्हणत. परंतु गोळ्या किती उरल्या हे पाहणे, आठवण ठेवणे, यजमान घरातून निघण्याच्या वेळी सांगणे आणि आणल्या का हे विचारणे ही सगळी दगदग बाईंचीच राहत होती; त्यांच्या हातून गेली होती ती केवळ दुकानापर्यंतची फेरी. ‘ती एका वेळी दहा कामे करते’ या कौतुकाचा मला राग येतो तो यामुळेच, कारण त्या दहांतली निम्मी कामे इतरांच्या वतीने लक्षात ठेवण्याची असतात. मी यजमानांनाही एकदा बोलावून घेतले आणि गोळ्यांचे काम पाकिटावर नजर ठेवण्यापासून पूर्णपणे त्यांच्याकडे दिले. अट एकच होती, ती म्हणजे बाईंनी आठवण करून द्यायची नाही.

सप्टेंबरअखेरीस, 30 तारखेच्या पटसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकांची संख्या, अवलंबून असल्याने, कामाचा डोंगर पुन्हा उभा राहिला आणि ठरवलेले बरेच काही कोलमडले. त्यांनी रविवारी चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या, फलक सजावटीसारखी कामे यंदा साधीच होतील असे सहशिक्षकांशी बोलून ठरवले आणि बाकीच्या कामांना वेळ नेमून दिली.

त्याच आठवड्यात गोळ्या संपत आल्या होत्या आणि यजमानांच्या ते ध्यानात नव्हते. बाईंनी पाकीट पाहिले, पण त्या बोलल्या नाहीत. रात्रीची शेवटची गोळी देताना ते यजमानांच्या लक्षात आले आणि ते तसेच चप्पल घालून मेडिकल बंद होण्याआधी धावत गेले. आता पाकिटात पाच गोळ्या उरल्या की नवे पाकीट आणायचे, हा नियम त्यांनी स्वतःच केला आहे.