किडनीतली फक्त गाठ कापून काढताना रक्त कसं थांबवतात?

वडिलांचं ऑपरेशन नागपूरला आहे आणि धास्ती रक्ताची, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती रास्तच, दोन्ही किडन्यांतून मिनिटाला साधारण 1 लिटर रक्त जातं.

म्हणून आधी किडनीच्या धमनीला चिमटा लावतात. वरुडकडे संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी फुटली की आपण पहिले वॉल बंद करतो, तसंच. फक्त इथं घड्याळ चालू असतं: शक्यतो 25-30 मिनिटांत गाठ काढून, उघड्या रक्तवाहिन्यांना टाके घालून चिमटा सोडायचा, नाहीतर किडनीलाच इजा. मग कापलेल्या कडा टाक्यांनी आवळतात. किडनी मऊ, धाग्यानं चिरते, म्हणून धागा आत रुतू नये यासाठी धाग्यावर क्लिपा लावतात.

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांतही लघवी लाल झाली, तर गावात थांबू नका, तडक नागपूर गाठा. बहुतेकदा जांघेतून बारीक नळी घालून किडनीतली रक्त गळणारी रक्तवाहिनी आतूनच बुजवता येते.