वाचकांचे प्रश्न : सापळ्यावर लावायचा खुला कॅमेरा

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी सेलू परिसरातील कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधासारख्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावतो. चिकट पट्टीवर अडकलेल्या पतंगांचे रोज सकाळी छायाचित्र घेणारा, स्वस्त आणि कोणालाही बनवता येईल असा कॅमेरा सुट्या भागांतून कसा तयार करावा?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : सेन्सरचे सर्किट स्वतः आखण्यात वेळ घालवू नये. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकांसाठी २०२० साली आलेला रास्पबेरी पाय हाय क्वालिटी कॅमेरा आपल्या कामाला पुरतो. त्यात सोनीचा ४०५६ × ३०४० पिक्सेलचा आयएमएक्स४७७ सेन्सर आहे. लेन्स बसवण्याच्या ठरलेल्या मापांपैकी सीएस-माउंट या मापाची लेन्स त्यावर थेट बसते आणि सी-माउंट या मापाची लेन्स मध्ये ५ मिलिमीटरची कडी लावून बसते. मापे अशी ठरलेली असल्यामुळेच पुढे लेन्स बदलली तरी बाकीचा कॅमेरा बदलावा लागत नाही.

६ मिलिमीटरची लेन्स २० सेंटिमीटरवरून सुमारे २१ सेंटिमीटर रुंदीची पट्टी टिपते. त्या चित्रात ८ मिलिमीटर लांबीचा पतंग सुमारे १५० पिक्सेल व्यापतो, आणि मोजणीला एवढे भरपूर आहे; मात्र सापळ्याचे छत तेवढे उंच करावे लागेल. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग ही नुकसानीची पातळी मानली जाते, आणि पट्टीवर जुने पतंग साचत राहतात, म्हणून आजचे चित्र कालच्याशी ताडून पाहिल्याशिवाय रात्रीची संख्या कळणार नाही. त्यासाठी कॅमेरा जराही हलता कामा नये. माझ्या मते खरी मेहनत कॅमेरा घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीवर घ्यावी.

संगणक म्हणून रास्पबेरी पायचाच छोटा बोर्ड, पाय झीरो २ डब्ल्यू, चालेल. त्याला कॅमेरा जोडायला अरुंद, २२ पिनांची रिबन केबल (चपटी तार) लागते. बॅटरीवर चालणारे घड्याळही त्यात नसते, म्हणून डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडावी, नाहीतर चित्रांवरील तारखा विश्वासार्ह राहणार नाहीत.

कॅमेऱ्याची पेटी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकची छापू नये. ते साधारण ६० अंशांना मऊ पडते आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद पेटी बरीच तापते. पांढरे पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिक घ्यावे.

आराखडे फ्रीकॅड या मोफत रेखाटन-सॉफ्टवेअरच्या मूळ फायलींसह सर्न ओपन हार्डवेअर परवान्याखाली (आराखडे कोणालाही वापरू व बदलू देणारा परवाना) द्यावेत. पायचा बोर्ड स्वतः पूर्णपणे खुला नाही (त्याचे सगळे आराखडे प्रसिद्ध नाहीत), हेही त्यात स्पष्ट लिहावे. दुसरा कॅमेरा मात्र दुसऱ्या गावातील गटाकडून, तुम्ही जवळ नसताना, केवळ त्या कागदांवरून जोडवून घ्यावा आणि ते जिथे अडतील तिथे आराखडा सुधारावा.