दोष सांगायचा, पण जागा सोडायची नाही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मला काळजी वाटण्याऐवजी राग आला. थोडा तुझा आणि पुष्कळसा तुला ‘घरचा भेदी’ म्हणणाऱ्यांचा. आपला फुटबॉलचा संघ पंचांमुळे हरला नाही, शेवटच्या वीस मिनिटांत आपल्या मध्यफळीने धावणे सोडले म्हणून हरला, एवढेच तू तालमीच्या कट्ट्यावर म्हणालास आणि त्यावर तुला चारचौघांत गप्प बसवण्यात आले. इथवर तुझे काहीही चुकलेले नाही. परंतु पुढे तू लिहितोस की यापुढे शाहू स्टेडियमकडे फिरकणार नाही, रात्री मोबाइलवर इंग्लंडमधली लीग पाहशील, उन्हाळ्यात आयपीएल आहेच, आणि पेठेच्या संघाचे जे व्हायचे ते होवो. हे मला मुळीच मान्य नाही. खरे बोललास म्हणून शिक्षा त्यांनी तुला दिलीच होती; आता तू स्वतःला दुसरी देतो आहेस आणि त्यालाच स्वाभिमान म्हणतो आहेस.

समर्थकाला माझ्या मते एकच नियम आहे, आणि तो तुला या पत्रात पुन्हा पुन्हा ऐकावा लागेल: दोष सांगायचा, पण जागा सोडायची नाही. कोल्हापुरात पहिला अर्धा भाग न पाळणारे हजारो आहेत. ते प्रत्येक सामन्याला येतात, घसा फोडून ओरडतात आणि हरल्यावर पंच, वारा, मैदान, समोरच्या संघाचा परदेशी आघाडीपटू यांपैकी कोणाच्या तरी माथी पराभव मारून घरी जातात. दुसरा अर्धा भाग न पाळणारेही आता वाढले आहेत. त्यांना सारे कळते, ते मुद्देसूद बोलतात आणि गॅलरीत मात्र कधी दिसत नाहीत. तू पहिल्या गर्दीतून उठून दुसऱ्या गर्दीत जाऊन बसायला निघाला आहेस, एवढाच तुझ्या पत्राचा अर्थ आहे.

माझे काय झाले ते तुला ठाऊक नसेल, कारण ते तुझ्या जन्माच्या आधीचे आहे. आपला संघ एका गोलने पिछाडीवर होता आणि समोरच्या बचावपटूने पाय नको तितका उंच उचलला म्हणून पेनल्टी क्षेत्राच्या आत आपल्याला इनडायरेक्ट फ्री किक मिळाली. पंचांनी हात डोक्यावर सरळ धरला होता. तो हात ज्याला वाचता येतो त्याला कळते की चेंडू आणखी कोणाला तरी लागल्याशिवाय गोल धरला जात नाही. आपल्या खेळाडूने सरळ फटका मारला. समोरच्या गोलरक्षकाने बोटसुद्धा लावले नाही; त्याने दोन्ही हात छातीशी आवळून घेतले आणि चेंडू शेजारून जाळ्यात जाऊ दिला. अख्खी गॅलरी उभी राहिली, आणि पंचांनी गोल न धरता शांतपणे गोल किक दाखवली. पुढच्या पाच मिनिटांत त्या पंचांच्या घराण्याचा जो उद्धार झाला तो लिहिण्याजोगा नाही. मी उभा राहून मोठ्याने म्हणालो की निर्णय बरोबर आहे, मूर्ख आपण ठरलो आहोत आणि त्या गोलरक्षकाची अक्कल विकत घेण्यासारखी आहे. त्यानंतर बराच काळ तालमीच्या बैठकीचे निरोप माझ्या घरी येईनासे झाले. पुढच्या सामन्याला मी त्याच पायरीवर जाऊन बसलो, शेजारच्यांनी तोंड फिरवले, आणि मी मोसम संपेपर्यंत तिथेच बसत राहिलो. याला हट्ट म्हणायचे असेल तर म्हण. घरातले लोक तसेच म्हणतात.

तू विचारतोस की आता या फुटबॉलमध्ये आपले म्हणावे असे राहिले काय. प्रश्न रास्त आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि कुस्तीच्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ पोसले, म्हणून आजही आपल्या संघांची नावे क्लबांची वाटत नाहीत, वस्तीची वाटतात: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, संध्यामठ. पूर्वी ज्या गल्लीत पोरगा वाढला त्या तालमीकडून तो खेळला आणि गुडघे गेल्यावर तिथेच पोरांना शिकवू लागला. आता मोसमाच्या आरंभी नोंदणीचे दिवस आले की कोण कुठे गेला याची चर्चा खेळापेक्षा अधिक चालते, मानधनाचे आकडे कानोकानी फिरतात आणि आफ्रिकेतून आलेला एखादा उंचापुरा खेळाडू आपल्या पेठेचे नाव छातीवर घेऊन धावतो. मला त्या परदेशी खेळाडूंविषयी काडीचीही तक्रार नाही. ते पोटासाठी आलेले आहेत आणि बहुतेक वेळा आपल्या पोरांहून अधिक शिस्तीने खेळतात. तक्रार आहे ती आपल्या कारभाऱ्यांविषयी, कारण दोन महिन्यांत करंडक हवा म्हणून पैसा आघाडीपटूवर जातो आणि चौदा वर्षांच्या मुलांना शिकवायला कोणी नसते.

याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. सामन्याला गॅलरी भरून टाकणारे, विश्वचषक आला की चौकाचौकात मेस्सीचे आणि नेमारचे कटआउट उभे करणारे हे शहर. आणि देशाच्या पातळीवर गेलेल्या खेळाडूंची नावे विचारली की आपण अनिकेत जाधवचे नाव घेतो आणि मग जरा थांबतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि पुढे २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघातही होता, याचा अभिमान मलाही आहे. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, तेही लहान वयात घर सोडून. शेजारच्या गोव्यात धेंपोसारखा स्थानिक क्लब पाच वेळा देशाचा विजेता झाला, आणि आपण मात्र पेठेतल्या पेठेत ईर्षा करण्यात सारी ताकद घालवली. मुलींची गोष्ट तर कोणी काढतही नाही. एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आला, तेव्हा त्यांच्यासाठी कोणत्या चौकात कटआउट लागला होता ते मला सांग.

हे सारे कट्ट्यावर बोलले पाहिजे आणि बोलणाऱ्याने पुढच्या सामन्याला हजर असले पाहिजे, कारण न येणाऱ्याच्या बोलण्याला तालमीत शून्य किंमत असते. ती तशीच असावी, असेही माझे मत आहे.

हुल्लडबाजीविषयी तू दोन पाने लिहिली आहेस. मी थोडक्यात लिहितो. दगड मारणारा समर्थक नव्हे आणि त्याला पाठीशी घालणारा पदाधिकारी तर नव्हेच. पोलिसांनी सामने थांबवले किंवा प्रेक्षकांना बंदी घातली की पहिला तोटा खेळाडूंचा होतो, हे कळायला फार बुद्धी लागत नाही. तुला त्या वातावरणाची किळस येते, हे मी समजू शकतो. पण तुझ्यासारखे दहाजण उठून गेले की त्या दहा जागांवर कोण येऊन बसणार आहे, याचाही कधी विचार कर.

आता क्रिकेट. कोल्हापूर टस्कर्सला आपला संघ मानावे का, असे तू विचारले आहेस. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या २०२३ च्या पहिल्या मोसमात हा संघ केदार जाधवच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यापर्यंत गेला, पावसाने तो सामना पुरा होऊ दिला नाही आणि गुणतक्त्यात वर असल्यामुळे करंडक रत्नागिरी जेट्सला मिळाला. तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनी पावसाला शिव्या दिल्या. साखळीत रत्नागिरीच्या खाली आपण का राहिलो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. म्हणजे क्रिकेटमध्येही आपली खोड तीच. मात्र इथे माझा नियम अडखळतो, हे मी मान्य करतो, कारण त्या मोसमाचे सारे सामने पुण्याजवळ गहुंजेला झाले आणि जी जागा कोल्हापुरात नाहीच ती धरून कशी ठेवायची? माझे उत्तर असे आहे की नावात कोल्हापूर असल्याने संघ आपला होत नाही. एकदा तरी त्याच्यासाठी गहुंजेपर्यंत प्रवास करून बसलास तर होईल. तोवर शास्त्रीनगरच्या मैदानावर जिल्ह्याचे सामने चालतात तिकडे जा. तिथे प्रेक्षक इतके थोडे असतात की फलंदाजाचे पुटपुटणेसुद्धा ऐकू येते आणि स्विंग म्हणजे काय हे टीव्हीपेक्षा लवकर कळते.

मोठ्या संघाविषयीही तेच. महाराष्ट्राने प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्या आठ दशकांत तो एकदाही जिंकला नाही. २०१३-१४ मध्ये केदार जाधवने मोसमात १२२३ धावा केल्या, आपण हैदराबादला अंतिम सामन्यात पोहोचलो आणि कर्नाटकाने आपल्याला सात गडी राखून हरवले. त्यानंतर विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये करंडक नेला. यावर आपल्याकडे किती लोक तळमळले? आयपीएलमध्ये चेन्नईचा गोलंदाज वाइड टाकतो तेव्हा तू जितका कासावीस होतोस, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही नाही. तुला हे टोचेल. टोचावे म्हणूनच लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला कायमची लागून राहिली आहे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर होते, महाराष्ट्राचा धावफलक ४ बाद ८२६ होता, ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या, आणि काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार देऊन सामना सोडला. प्रथम श्रेणीत भारतीयाने केलेली ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे आणि तरीही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पराभव दिसतो आहे म्हणून मैदान सोडणाऱ्या माणसाचा मला इतका तिटकारा का आहे, ते यावरून तुझ्या ध्यानात येईल. भाऊसाहेब २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापुरातच वारले. इतकी वर्षे ते आणि मी एकाच शहरात होतो आणि त्यांच्या घरी जाऊन त्या दिवसाविषयी विचारायचे मी प्रत्येक वर्षी पुढच्या वर्षावर टाकले. तुझ्या तालमीत जे म्हातारे खेळाडू आज कोपऱ्यात बसून असतात, त्यांना बोलते करायला तुला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मला लोक विचारतात की इतके दोष दिसतात तर तालमीत पद का घेतले नाहीस. खरे सांगायचे तर दोनदा विचारणा झाली होती आणि मी नाही म्हणालो, कारण पदावर बसलेल्या माणसाला आपल्याच संघाविरुद्ध दिलेला बरोबर निर्णय बरोबर आहे असे चारचौघांत म्हणता येत नाही. काहींच्या मते ही पळवाट होती. मला तसे वाटत नाही. गॅलरीतली एक जागा अशी असावी लागते जिथून कोणाचीही भीड न धरता बोलता येते, आणि ती जागा मी इतकी वर्षे सांभाळली आहे. तू मात्र माझे अनुकरण करू नकोस. तुला विचारणा झाली तर मुलांच्या संघाची जबाबदारी माग, करंडकाची मागू नकोस.

आता कामाचे. पुढच्या सामन्याला मित्रांच्या घोळक्यात न बसता गोलच्या मागच्या बाजूला एकटा बस. पहिला अर्धा तास चेंडू पाहूच नकोस. चेंडू समोरच्या अर्ध्यात असताना आपले दोन मधले बचावपटू एकमेकांपासून किती अंतरावर उभे राहतात आणि त्यांच्यात बोलतो कोण, एवढेच पाहा. ते मला लिहून कळव, आणि मध्यंतराला कट्ट्यावरच्या त्याच मंडळींना तोंडावर सांग. निकाल लिहायची तसदी घेऊ नकोस. तो मला सकाळच्या पेपरात मिळतो.

तुझा,
काका