शाळेत न जाणाऱ्या मुलीला पुण्यात गट कुठे मिळेल?

तुमची अकरा वर्षांची लेक घरीच शिकते आणि तिला आकाश बघायचं वेड आहे म्हणताय, तर आधी ज्योतिर्विद्या परिसंस्था गाठा. 1944 पासूनची हौशी खगोलप्रेमींची संस्था, टिळक स्मारक मंदिरात. तिथे कॉलेजची पोरं, नोकरदार, आजोबा एकाच दुर्बिणीभोवती रांग लावतात. शनीची कडी दिसली की वय कोण विचारतो? होमस्कूलिंगवाल्या मुलांना असाच मिश्र वयाचा गट जास्त मानवतो, असं माझं मत.

हाताने काही करायचं असेल तर आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, मुलांसाठीचं विज्ञान केंद्र. कार्यक्रम शाळांमार्फत ठरत असेल, तर घरी शिकणाऱ्या मुलीला घेता का, हे फोन करून स्पष्ट विचारा, संकोच नको. विज्ञान खेळणीवाले अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी तर घरबसल्या, फुकट. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, काडेपेटीतल्या काड्या, झालं काम.

नाटक, ट्रेकिंग वगैरे आहेच. पण सगळं एकदम लावू नका. दोनच गोष्टी धरा, नाहीतर आठवडा कोथरूड ते कॅम्प ट्रॅफिकमध्येच जाईल.

दहावीची काळजी आत्ता नको. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला प्रवेश घेता येतो.